हजारपट थंड सूर्य

लातूरच्या क्लासमध्ये अकरावीला असताना मी सूर्य विझवला होता. दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. ते जुळायचे तर किती ऊर्जा लागेल, हे मी काढलं. सूर्याच्या पोटातल्या उष्णतेतून त्यांना किती मिळते, हेही काढलं. ऊर्जा हजारपट कमी पडत होती. म्हणजे सूर्य पेटायलाच नको होता, आणि बाहेर तर लातूरचं ऊन माणसाला भाजून काढत होतं!

फिजिक्सचे सर म्हणजे आमच्या बॅचचा देव. त्यांनी कागद जरा जास्तच वेळ पाहिला. म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलीस. पुन्हा कर." मी पुन्हा केलं, उत्तर तेच. "बाई, सूर्य खोटा का तुझं गणित खोटं?" बॅच खो खो हसली. चाकूरला घरी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सर चुकतील व्हय? तूच चुकलीस."

मग मीच खोटी. वर्गात पुन्हा प्रश्न विचारला नाही. वडिलांना घरात डॉक्टर हवी होती, म्हणून बायोलॉजी घोकली. मेडिकलचा नंबर हुकला की गावात तोंड न दाखवता रिपीटर बॅचला बसायचं, ही आमच्याकडची रीत, तीही पाळली. तरी नंबर लागला नाही. उरलं म्हणून बीएस्सी केलं आणि मग नांदेडला एमएस्सी. फिजिक्सच, पण भीत भीत. बाकावरच्या शेजारणीशी ताडून पाहिल्याशिवाय मी एक उत्तर लिहायची नाही.

नांदेडला क्वांटमच्या तासाला मॅडमनी बोर्डावर माझेच दोन आकडे मांडले. तोच हजारपटीचा फरक. म्हणाल्या, "हे गणित बरोबर आहे. जुनं शास्त्र इथंच थांबतं." मग त्यांनी प्रोटॉनची लहर काढली. दूर ढकलणाऱ्या जोराच्या भिंतीत ती बारीक होत गेली, पण शून्य झाली नाही. पलीकडे जरासा अंश उरलाच. भिंत चढायची गरजच नाही, क्वचित एखादा प्रोटॉन आरपार निघतो. सूर्यात प्रोटॉन इतके अफाट, की तेवढ्यावर तो जळत राहतो. सगळे लिहून घेत होते आणि मी रागानं रडत होते.

रविवारी बसनं लातूर गाठलं. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. "गणित बरोबर होतं गं तुझं. मला तेव्हाच कळलं होतं. त्याच संध्याकाळी तुझ्या वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, तिला सांगू नका." केसानं गळा कापणारी माणसं इतकं गोड बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. चहा तसाच ठेवून मी उठले.

तिथून थेट चाकूर. वडील ओट्यावर तूर निवडत बसले होते.

"अण्णा, माझं गणित बरोबर हाय म्हणून सरांनी तुम्हाला फोन केलता, हे खरं हाय का?"

"हाव," ते मान वर न करता म्हणाले. "सर म्हनले, पोरगी लई हुशार हाय, असं डोकं म्या बघितलं न्हाई. मला भ्याव वाटलं. म्हनलं, ह्या नादात डाक्टरकी सोडंल."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी हुशार आहे, हे त्या दोघांनी फोनवर एकमेकांना सांगितलं होतं. आणि मला दोघांनीही सांगितलं, चुकलीस.