बर दुबईत हरवलेली दोन पानं

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बर दुबईतल्या एका छोट्या हॉलच्या दारात माझ्याच पुस्तिकेची प्रत माझ्या हातात पडली. मी बारा पानं पाठवली होती. छापली होती दहा.

विषय होता हुकूमशाहीनंतर स्पेनमधल्या उजव्या पक्षाचा इतिहास. पुण्यात मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण स्पेनचा नाद त्याआधीचा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या स्पॅनिश सिस्टर तिथल्या हुकूमशहासाठी प्रार्थना करायला लावत आणि ‘का?’ विचारलं की वर्गाबाहेर काढत. तो ‘का’ मी निवृत्तीनंतर हाती घेतला. दुबईच्या मराठी वाचकगटाने बोलावलं आणि मी निघाले.

भाची मीनल अबुधाबीकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. तिथून गाडीने दीड तास. मीना बाजारापाशी पार्किंगला आणखी अर्धा धरा. गल्लीत करक चहा दोन दिरहॅम, म्हणजे पन्नास रुपये. प्यावा, हिशेब करू नये.

तर, गाळलेली पानं. हुकूमशहा १९७५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या माजी मंत्र्यांनी पक्ष काढला आणि बदलाला भ्यालेली साधी माणसं त्यांच्यामागे गेली. नव्या घटनेवर मतदान आलं तेव्हा त्यांचे काही खासदार बाजूने, काही विरुद्ध, काही तटस्थ. छापलेली पुस्तिका यानंतर सुरू होते: नवं नाव, नवे चेहरे, निवडणुकीतला विजय. जणू पक्ष आभाळातून पडला!

“मॅडम, थोडं ट्रिम केलं,” कार्यवाह प्रधान म्हणाले. “आपण इथे पाहुणे, हुकूमशहा वगैरे छापायला नको. माझा व्हिसा, मुलीची बोर्डाची परीक्षा...”

“मग कार्यक्रम रद्द करायचा. अर्धी गोष्ट माझ्या नावावर का?”

“साठ कॉपी वाटून खलास, मॅडम. स्टोरी पॉझिटिव्ह वाटते ना आता!”

“मावशी, लोक बसलेत,” मीनल कुजबुजली.

मी व्यासपीठावर गेले, “या पुस्तिकेत दोन पानं कमी आहेत,” एवढंच म्हणाले आणि उतरले. मागून कुणीतरी विचारलं, “कुठली?” प्रधानांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बाहेर मला एका जागी बसवेना. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी, एक दिरहॅम. मी तीनदा गेले-आले. मीनल काठावर उभी राहून म्हणाली, “यल्ला मावशी, चल, जेवायचंय!” जेवण उत्तम होतं म्हणतात.

पुण्यात परतून पंधरवडा झाला. प्रधानांची भीती मला कळते. त्या दोन पानांत अशीच भ्यालेली साधी माणसं होती. त्या पक्षाने मतपेटी मानली, हे थोडं नव्हे. पण तो कुठून निघाला ते पुसून कुठे पोचला याचं कौतुक मी करणार नाही. माझ्या नावाने तर नाहीच.

प्रधान, साठही वाचकांना कळवा की मजकूर लेखिकेला न विचारता कापला. कारण लिहू नका, ते माझ्यापाशी राहील. तसं कळवल्याचं लेखी उत्तर रविवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत हवं. ‘इन्शाल्ला’ आणि जोडलेल्या हातांचं चित्र उत्तर धरलं जाणार नाही.