हत्तीच्या पोटातली आग

"मोटार बंद कर बे! बंद कर म्हन्तो ना!"

गहिनीनाथ मिस्त्री हत्तीच्या पोटाला कान लावून बसलता, तिथूनच वरडला. मी खटका पाडला. पंखा घुमत घुमत थांबला. मिस्त्रीनं पोटावर खालच्या अंगाला तळवा टेकला अन् झटक्यात मागं घेतला.

"मोटार तापली का?"

"मोटार थंड हाय. खाली तापलंय. हात लाव."

मी लावला. पत्र्यावरचा शेंदूर मऊ पडलता. बोटं लाल झाली.

हत्ती म्हंजी आमच्या चौसाळ्याच्या वखारीतलं भुसा वढायचं जुनं मशीन. खाली लोखंडाचं मोठं पिंप, त्याच्या झाकनावर मोटार अन् पंखा, आत कापडाची पिशवी, अन् पुढं लाकूड कापायच्या आऱ्यापर्यंत गेलेली जाड नळी. नळी सोंडेवानी दिसायची म्हनून हत्ती. वखारीचे मालक शिवलिंगप्पा, आमी त्यांना आप्पा म्हन्तो. त्यांच्या वडलांनी हैदराबादकडच्या एका बंद कारखान्याच्या लिलावातून ते आनलतं. उतरवलं तो दिवस नेमका खंडेनवमीचा. सोंड बघून म्हाताऱ्यानं पोटाला तेल-शेंदूर लावला अन् गनपती म्हनून हात जोडले. तवापासून दर खंडेनवमीला अन् दर चतुर्थीला नवा हात. शेंदूर बोटभर जाड झालता. लोकांनी त्यात नाणी दाबली व्हती. आमी भुसा काढायचो तो झाकन उचलून, वरून घमेल्यानं. तळाला काय हाय, कुनी बघितलंच न्हाई.

मिस्त्री म्हंजी कसा मानूस ते सांगतो. उंच, वाळका, तोंडात कायम तंबाखू, अन् तोंडाचा लई फाटका. एका जिनिंगवर मुकादमाशी भांडला, दुसऱ्या ठिकानी मालकाशी. लग्नात त्याला कुनी आवतन द्यायचं न्हाई, कारन आचाऱ्याला पन शिकवायचा. पन त्याच्याबद्दल माझ्यासमोर कुनी वाकडं बोललं की मी सरळ अंगावर जातो. मी साळा सोडून हिंडत व्हतो तवा रंध्याच्या मशीनवर यानंच मला उभं केलं. "इथं हात ठेवलास तर बोटं राहतील, इथं ठेवलास तर जातील. बस, एवढीच साळा," म्हनला.

त्याची धाकटी बहीन गंगासागर, आमची आक्का. नवऱ्यानं टाकलेली, एका पोरीला घेऊन भावाकडं राहायची अन् वखारीत पॉलिशपेपरनं लाकडाचं घासकाम करायची. त्या सालात घरोघरी केबल आली अन् ज्याला त्याला टीव्हीचं शोकेस पाहिजे झालं. सागवान कमी, दाबलेल्या भुशाचे बोर्डच जास्त. त्याची धूळ पिठावानी. आक्का पदर तोंडाला बांधून घासायची अन् घरी जाऊन खोकायची. श्रावनात हत्तीची मोटार जळाली अन् आक्काचा दम सुरू झाला. बीडचा डाक्टर म्हनला, धुळीत बसायचंच न्हाई.

"मंग काय भावाच्या ताटात बसू?" आक्का म्हनली. "वैनी बोलत न्हाई, पन भाकरी थापताना मोजती."

दुसरं काम तिला जमत न्हाई आसं न्हाई, पन गावात बाईला रोज मिळंल आसं एवढंच व्हतं. आप्पा हत्ती भंगारात काढायला निघालते, बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येनार व्हता. मिस्त्री त्यांच्या गादीपुढं जाऊन उभा राहिला. म्हनला, बाजारापर्यंत थांबा, चालू न्हाई झाला तर मीच उचलून टेम्पोत घालतो.

मंग त्यानं मोटार खोलली. जळकी तार काढली, नवी भरली, वार्निश पाजलं. बेअरिंग बीडहून आनलं. पंख्याचं एक पान गंजानं खाल्लेलं व्हतं, ते जीपच्या पाट्यातून कापून बसवलं, अन् तोल जमंना तर पंख्याला शिव्या देत कानस चालवली. आक्कानं दुहेरी मांजरपाटाची पिशवी शिवली. काल सांजच्याला हत्ती घुमला. आमी वरडलोच. जुन्या दाराची चौकट आऱ्याला लावली, भुसा सरसर सोंडेत. मधीच चौकटीत खिळा निघाला, आऱ्यानं तो कापला, ठिनग्या उडाल्या अन् सोंडेनं त्या पन वढल्या. कुनी ध्यान दिलं न्हाई. हसत घरी गेलो.

आज बाजाराचा दिवस. टेम्पो दुपारी येनार. अन् हत्तीचं पोट तापलेलं.

"भुसा धुमसतोय," मिस्त्री म्हनला. "तळाला वर्सानुवर्साचा भुसा दगडावानी बसलाय, त्यात ठिनगी गेली."

आप्पा धावत आले. मागं बाजाराला आलेले चार लोक घुसले. एक म्हातारा म्हनला, "देव तापलाय. कायतरी चुकलंय."

"झाकन काढून पानी वता की बे!" आप्पा मला म्हनले.

"हात लावू नको!" मिस्त्री गरजला. "आप्पा, झाकन उघडलं की हवा जानार, भुसा उडनार, अन् उडता भुसा पेटला तर पॉलिशचे डबे तिथं हायत, तुमी इथं हाव."

"सोंडेतून सोडा मंग."

"वरचा भिजंल, खालचा जळतच राहील. अन् मोटार भिजली तर पुन्हा तेच."

"बाहेर ढकला!"

"पाय शिमिटात गाडलेत तुमच्या वडलांनी. देव हालू नये म्हनून."

पत्र्याच्या सांधीतून धुराची बारीक दोरी निघाली. आक्का खोकायला लागली. मी तिला बाहेर जा म्हनलं, ती हालली न्हाई.

"खालून काढावं लागंल," मिस्त्री म्हनला. "या शेंदराखाली दार हाय. भुसा काढायचं. हे शेंदराचं कवच खरवडतो."

आप्पांचा चेहरा उतरला. "देवाला खरवडनार? पटाशीनं?"

"औरंगाबादला आसलंच मशीन बघितलंय मी. दार खालीच असतंय. जे खातं त्याला मागून वाट असतीच की आप्पा, गनपती असू द्या न्हाई तर तुमी."

कुनीच हसलं न्हाई. म्हातारा म्हनला, "हात झडंल तुझा." आप्पा आडवे उभे राहिले. "माझ्या बापानं लावलेला पहिला हात हाय तो. वखार जळाली तरी चालंल."

मी पटाशी उचलली. मनात म्हनलं, आप्पाला ढकलावं लागलं तर ढकलीन. मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता म्हनलं, "खाली ठेव बे."

तवा आक्का पुढं आली. पदर तोंडावरून काढला. मधी मधी दम लागत व्हता.

"आप्पा, देव कवच सोडतो का न्हाई? जुना शेंदूर आपसूक सुटतो, मंग लोक वाजतगाजत नदीत सोडतात. तुमीच सांगितलतं ना, तुमच्या मामाच्या गावच्या मारुतीचं?"

"ते देवाच्या मनानं सुटतं."

"मंग हे कुनाच्या मनानं मऊ झालंय? हात लावा."

आप्पांनी हात लावला. शेंदूर तळव्याला चिकटून आला. ते बघतच राहिले. मंग डोळे मिटले, ओठ हालवले. "थांब. आधी आरती तरी—" म्हनत खिशातून कापूर अन् काडीपेटी काढली.

"काडी वढू नका!" आमी तिघं एकदम वरडलो.

आप्पांनी काडीपेटी अशी फेकली जनू इंचू हातात आलाय. मंग नुसता नारळ ठेवला अन् बाजूला झाले. "गहिन्या, दार न्हाई निघालं तर तू या वखारीत दिसायचा न्हाई. तू बी न्हाई अन् तुझी बहीन बी न्हाई."

"बरं," मिस्त्री म्हनला.

त्यानं पटाशी आडवी धरली. शेंदराची साल सुटली, नाण्यांसगट. मी खाली वल्लं पोतं धरलं, त्यावर घेत गेलो, जमिनीला लागू दिलं न्हाई. एक साल, दुसरी, तिसरी. खाली काळा पत्रा. गुळगुळीत. फट न्हाई, कडी न्हाई. मिस्त्री डावीकडं सरकला. तिथं बी गुळगुळीत. लोक कुजबुजायला लागले. त्याच्या मानेवरून घामाचे वघळ चाललते. मला वाटलं, पत्र्याची धग.

"कुठंय दार?" आप्पा म्हनले.

मिस्त्रीनं पटाशी परत टेकवली. आनखी खाली गेला, पार शिमिटाजवळ. धूर दाट झाला. म्हातारा "चला रे बाहेर" म्हनत निघाला. अन् पटाशी कशाला तरी आडली. टन् आवाज झाला.

बिजागरी व्हती.

पुढं सगळं भराभर झालं. वीतभर चौकोनी दार, दोन गंजलेले पेच. आगीजवळ रॉकेल मारायची सोय न्हाई, म्हनून नुसतं पान्यानं, हळू हळू. मी पेचावर पानी सोडत राहिलो. दार बोटभर उघडलं अन् धुराचा भपकारा आला. मिस्त्रीनं त्या फटीत वल्लं पोतं कोंबलं, वरून तांब्यानं पानी, आनखी पानी. मंग दार पुरं उघडलं. आतला भुसा खरंच दगड झालता, मधी खापरावानी लाल. मिस्त्री सळईनं फोडायचा, आक्का बादल्या भरायची, मी भिजलेले गोळे बाहेर वढायचो. आप्पा सुद्धा धोतर खोचून बादल्या द्यायला लागले.

टेम्पोचा हार्न वाजला तवा हत्तीचं पोट निवलं व्हतं. आप्पा दारातनंच भंगारवाल्याला म्हनले, "आज न्हाई. आज सोवळं हाय."

पोट पुसून सुकवलं अन् मिस्त्रीनं खटका वर केला. हत्ती घुमला. आक्कानं मूठभर बोर्डाची धूळ सोंडेपुढं धरली. मूठ उघडली. हातावर काय बी राहिलं न्हाई. ती तिथंच बसून घासायला लागली. पदर खांद्यावर.

शेंदूर आप्पांनी वाजतगाजत नेऊन सोडला. नवा लावला तो वरच्या अंगाला, दार सोडून. मिस्त्री वर्सभरानं आप्पाशी भांडला अन् जालन्याला गेला, ते सांगायलाच नको. आक्का राहिली.

औंदा उन्हाळ्यात मी तिच्या पोरीच्या लग्नाला गेलतो. मांडवात मी सगळ्यांना ही गोष्ट सांगत व्हतो, की मिस्त्रीनं औरंगाबादला तसलं मशीन बघितलतं म्हनून वखार वाचली. आक्का पानी वाढत व्हती, ती थांबली.

"कुठलं औरंगाबाद? तवापर्यंत दादा जिल्ह्याच्या बाहेर गेलाच नव्हता. दार हाय का न्हाई, त्याला ठावंच नव्हतं."