टाकीच्या तळाशी झेंडू

मंडळी, आज सकाळी बाबीची टाकी तपासायला घेतली आणि हसावं की रागवावं तेच कळेना.

बाबी आमचा पाणबुड्या. ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेली जाळी पाण्याखाली जाऊन कापतो. त्याच्याकडे हवेची एकच टाकी आहे, जुनी पोलादी, वरून जाड रंगाचा थर दिलेली. ती तपासायचं काम माझं.

वरून टाकी नव्यासारखी दिसत होती. तळाला बसवलेली रबरी वाटी खेचून काढली, तर आत झेंडूच्या पाकळ्या आणि ओला लाल गंज!

"ह्या काय रे बाबी?"

"दसऱ्याची पूजा ती, दादा. दरवर्षी नारळाचा पाणी टाकयेर ओततंय मी."

तेच पाणी ओघळून वाटीत साचत होतं. गंज खोल गेला असेल तर टाकी भंगारात, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. टाकी गेली तर त्याचं कामच बंद.

देवाचं नाव घेत मी फुगलेला रंग खरवडला, तारेचा ब्रश फिरवला. खाली पोलाद शाबूत! एकही खड्डा नाही. तरी दाबाची चाचणी होईपर्यंत हवा भरणार नाही, असं बजावलं.

बाबी हसत म्हणाला, "येत्या दसऱ्याक नारळ माझ्या टकलेर फोडा, पण टाकी वाचवा!"

त्याची श्रद्धा देवाला पोचली असणारच. पण पूजेनंतर टाकी पुसून कोरडी करणं, हीही पूजाच नाही का? तुमच्याकडे होडीच्या इंजिनाची पूजा झाल्यावर ते पाणी कोण पुसतं?