एस्किलचे दोन घाव

एस्किलला लिहायला बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. दोन हिवाळे मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते आणि दोन्ही हिवाळे त्याने मला कॉफी पाजून वाटेला लावलं. "बर्फ वाचून कळत नाही, बार्ब्रो," एवढंच म्हणायचा, आणि बशीतला वेलदोड्याचा पाव माझ्याकडे सरकवायचा.

माणूस साधा. अडतीस वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त करत खांबांवर काढली. पण सरोवर गोठायला लागलं की आमच्या पंचक्रोशीत पहिलं पाऊल त्याचं पडायचं. गळ्यात पाण्यातून वर यायला लागणारे दोन दाभण, पाठीवर कोरड्या कपड्यांची पिशवी, हातात लोखंडी टोकाची बर्फकाठी. पुढे टाकायच्या प्रत्येक पावलाआधी काठीचा घाव. परत आला की आमच्या ऑनलाइन गटावर चार ओळी टाकायचा: कुठल्या खाडीत किती जाड बर्फ, भेग कुठे, ओढा कुठे मिळतो आणि तिथे का जायचं नाही. गटात चार हजार माणसं. ती चार हजार माणसं त्या चार ओळी वाचून स्केट्सच्या नाड्या बांधायची. त्याच्या तोंडावर कुणी कधी कौतुक केलं नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नाही, पण एस्किल 'चालेल' म्हणाला म्हणजे चालेल.

गटाची देखभाल माझ्याकडे. जन्मभर नगरपालिकेची माहितीपत्रकं काढली, निवृत्त झाल्यावर हे गळ्यात पडलं. भांडणं सोडवायची, आणि नव्या लोकांना उत्तरं द्यायची. नवे लोक म्हणजे शहरातून आलेले, परदेशातून आलेले, ज्यांना ना क्लब ना हाताला धरून नेणारं कुणी. किती जाड बर्फ पुरतो? पिशवीत काय घ्यायचं? पडलो तर काय करायचं? रोज तेच. एस्किल प्रत्येकाला असं उत्तर द्यायचा की जणू जगात पहिल्यांदाच कुणी विचारलंय. माझं डोकं मात्र उठायचं.

शेवटी मी दोन वर्षांचे सगळे प्रश्न काढून त्यांच्या याद्या केल्या. फिरून फिरून अकराच प्रश्न निघाले. म्हटलं, अकरा प्रश्न, अकरा प्रकरणं, मोबाइलवर उघडणारी पुस्तिका. हातमोजे घालून, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं असताना वाचता येईल एवढी अक्षरं. प्रत्येक प्रकरणाला दोन मिनिटांची फिल्म. आणि हे गटातल्या लोकांना विकायचं.

"विकायचं?" त्याने असं विचारलं, जणू मी त्याचं मूत्रपिंडच मागितलंय.

मी म्हटलं, फुकट मिळालेलं लोक नुसतं साठवून ठेवतात, वाचत नाहीत. त्याने पुन्हा पाव सरकवला.

मग त्या शरद ऋतूत त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, या हिवाळ्यात बर्फावर पाऊल टाकायचं नाही, पुढच्याचं पुढे बघू. गुरुवारी नेहमीप्रमाणे मी त्याच्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला गेले, तर हा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी कुबड्या घेऊन बसलेला. बाहेर सरोवराच्या कडेला पहिली साय धरली होती. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आण तुझे ते अकरा प्रश्न."

मला लगेच कळलं. स्वतः जाता येत नव्हतं, तर निदान शब्द तरी बर्फावर जावा. फार वाईट वाटलं मला. आणखी एक वाटी सूप घेतलं.

चौकटीच्या वहीत तो पेन्सिलने लिहायचा, मी टाइप करायचे. आणि कापायचे. इथे मला कबूल करायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. बर्फकाठीवर त्याने अडीच पानं लिहिली होती. काठीचं टोक त्याच्या भावाने भट्टीत कसं ठोकलं, वजन किती, हात कसा पडतो. सांगा, मोबाइलवर कोण वाचणार? शेवटी वाक्य होतं: 'या काठीने, माझ्या हाताने घातलेले दोन घाव सोसले, तर तो बर्फ एका माणसाला पुरतो.' मी अडीच पानं उडवली आणि लिहिलं, 'दोन घाव सोसलेला बर्फ माणसाला पेलतो.' सुटसुटीत. वर मथळा दिला, 'एस्किलचा दोन घावांचा नियम'. स्वतःवर इतकी खूश झाले की जाहिरातीतही तोच सगळ्यात वर टाकला.

एस्किलने चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "नियम? माझा कुठला नियम?"

"लोकांना नियम लागतो," मी म्हटलं.

"तुला कळतं त्यातलं," म्हणाला आणि सोडून दिलं.

तीन आठवड्यांत सहाशेजणांनी पुस्तिका घेतली. लोक फोटो टाकायला लागले, आभार मानायला लागले. एस्किल खिडकीशी बसून प्रत्येक फोटो मोठा करून बघायचा. कुठे गेलेत, कुठल्या बाजूने गेलेत, बर्फाचा रंग कसा आहे. गालांवर रंग आला होता त्याच्या. मला वाटलं, चला, एक काम तरी चांगलं केलं आपण.

जानेवारीत एका बुधवारी सकाळी तुवाने लिहिलं. तुवा म्हणजे दक्षिणेकडून, जिथे तळी धड गोठतही नाहीत तिथून, आमच्या इस्पितळात आलेली नर्स. मैत्रिणीबरोबर खाडीत गेली होती. काठीचे घाव घातले. दोन सोसले, तिसऱ्याला पाणी आलं. नियमात बसलं म्हणून पुढे गेली आणि दहा पावलांवर कमरेपर्यंत आत. गळ्यातले दाभण बर्फात रोवून सातव्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे बाहेर आली, चौथ्यात सांगितल्याप्रमाणे कोरडे कपडे घातले. 'ही पुस्तिका नसती तर आज मी लिहायला नसते,' तिने लिहिलं होतं. 'एस्किल, तुझे किती आभार मानू. घाव बहुतेक मीच नीट घातले नसतील. पुढच्या वेळी लक्ष देईन.' खाली फोटो. भोक, आणि शेजारी तिची कोरी करकरीत काठी.

मी बदाम टाकला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी तिचं पहिलं वाक्य उचलून जाहिरातीच्या फाइलमध्ये ठेवलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

दहाच मिनिटांत एस्किलचा फोन. "तिची काठी बघितलीस?"

मी फोटो मोठा केला. दुकानातली हलकी काठी, टोक बोटाएवढं.

"माझ्या काठीच्या निम्म्या वजनाची आहे. तिचे दोन म्हणजे माझा जेमतेम एक," तो म्हणाला. "असल्या बर्फावर मी कुत्रंसुद्धा सोडत नाही, बार्ब्रो."

सहाशे माणसांकडे हाच नियम, आणि शनिवार-रविवार कडक थंडी सांगितलेली, म्हणजे झाडून सगळे बर्फावर.

धावत त्याच्याकडे गेले. टेबलावर वही उघडी होती, नेमक्या त्याच पानावर. माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयारीने गेले होते, पण त्याने कॉफी ओतली. आमच्या स्केटिंगच्या क्लबात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर उभं करतात. शेजारी भोक पाडून, एका माणसाला जेमतेम पुरेल असा बर्फ मोजलेला असतो, आणि त्याने आपल्या काठीने, आपल्या हाताने तोच बर्फ फोडून बघायचा, म्हणजे किती घाव सोसले तर पुरे, हा आपला आकडा कळतो. आम्हा जुन्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणी बोलतही नाही. एस्किलने ते त्या अडीच पानांत आठवणीने लिहिलं होतं, आणि मी कात्री चालवली होती.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गटावर लिहिते की शब्द मी कापले, चूक माझी.

"वर नाव कुणाचं आहे?"

"तुझं. पण..."

"मग चूकही माझी. लोक माझ्या नावावर बर्फावर उतरतात, तुझ्या कात्रीवर नाही."

मग मात्र माझा तोल गेला. वेडा आहेस का, म्हटलं. उद्यापासून तुझ्या चार ओळींवर कुणी विश्वास ठेवणार नाही. बर्फातलं तेवढंच तर उरलंय तुझ्याकडे, तेही घालवून बसशील. इतकं उघड मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

त्याने कॉफी ढवळली. "म्हणूनच," म्हणाला.

आणि एका बोटाने स्वतः टाइप केलं: 'माझ्या पुस्तिकेतला दोन घावांचा नियम चुकीचा आहे. तो फक्त माझ्या काठीला लागू पडतो. खोडून टाका. तुवा, तू घाव नीट घातले होतेस. शनिवारपर्यंत कुणीही पुस्तिकेवर विसंबून बर्फावर जाऊ नका. शनिवारी अकरा वाजता आपापली काठी घेऊन धक्क्यावर या.'

मी विक्री बंद केली आणि सहाशेजणांना एकेक करून निरोप धाडले. उत्तरं आली. बरीचशी नुसतीच 'वाचलं' एवढी. एकाने लिहिलं की या म्हाताऱ्याने विकायच्या नादात माणसं बुडवायला काढली आहेत. ते मी पुसायला निघाले, तर एस्किलने अडवलं. "राहू दे. थोडं बरोबर बोलतोय तो." पण त्यानंतर दोन दिवस त्याने गटच उघडला नाही.

शनिवारी मी त्याला धक्क्यावर घडीच्या खुर्चीत, खाली रेनडिअरचं कातडं घालून बसवलं. शेजारी कुबड्या, माझ्या थर्मॉसमध्ये गरम ब्लूबेरी सूप. कडेला भोक पाडून मी बर्फ मोजला. एका माणसाला पुरेल, बरोबर तेवढाच होता. साडेदहा वाजले, कुणी नाही. पावणेअकरा, तरी कुणी नाही. एस्किल काठ्यांना गुंडाळायला आणलेली मांडीवरची पांढरी चिकटपट्टी नुसती सोलत आणि परत चिकटवत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मग एक गाडी आली. तिच्या मागून आणखी तीन. अकराला रस्त्यापर्यंत रांग लागली होती, एकमेकांत हातभर अंतर ठेवून, हातात काठ्या. सगळ्यात पुढे तुवा.

एस्किलने तिचा हात हातात घेतला. "नीटच घातले होतेस," म्हणाला. तिचे डोळे भरून आले, त्याचेही. मग तिने धक्क्याच्या कडेने घाव घातले. चार सोसले, पाचव्याला पाणी वर आलं. एस्किलने तिच्या काठीला पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर चार लिहिलं. लाकडाच्या वखारीतला धिप्पाड गडी आला, त्याचे दोन. पंचाहत्तरीची बाई आली, तिचे सहा, आणि तिला त्याचा अभिमानच वाटला. तो खरमरीत लिहिणारा गृहस्थही रांगेत होता. त्याचे तीन निघाले. मान खाली घालून त्याने दोन पेले सूप प्यायलं.

दोन वाजता रांग संपली. एस्किल माझ्याकडे वळला. "आता तुझी काठी."

"माझी मला माहीत आहे," मी म्हटलं.

"किती?"

मला सांगता येईना. पहिल्या दिवशी निघालेला आकडा केव्हाच विसरले होते. बावीस हिवाळे मी बर्फावर जातेय, आणि बावीस हिवाळे त्याच्या मागून, त्याच्याच वाटेवरून. काठी मी सूप पिताना टेकायला वापरायचे.

घाव घातले. पाच सोसले, सहाव्याला पाणी. त्याने पट्टी गुंडाळली, आकडा लिहिला, आणि काठी परत देताना म्हणाला, "उद्या दक्षिणेची खाडी बघून ये. चार ओळी तू आणायच्या. मी इथून बघतो."

पुस्तिका महिन्याभराने पुन्हा निघाली. काठीवरची अडीच पानं जशीच्या तशी आहेत, आणि खाली आपला आकडा लिहायला रिकामी जागा. ती आता हळूहळू खपते. असू दे.

त्या रविवारी मी खाडीवरून परत आले ते घामाने भिजून. प्रत्येक पावलाला पाच घाव मोजले होते. त्याच्या स्वयंपाकघरात बसून वहीत चार ओळी लिहिल्या आणि पुस्तिका टाइप करतानाच्या सवयीने खाली नाव घातलं, एस्किल. त्याने पेन्सिल घेतली, नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.