कमळ पुसलं तेव्हा

माझ्या शेजाऱ्याची रांगोळी बघवत नसे. कमळ काढलं तर कोबी वाटे. पण हा विधुर माणूस रोज सकाळी घरापुढच्या रिकाम्या जागेत सडा टाकून ती काढायचाच. कापसाचा व्यापार करणाऱ्या शेठनं आम्हाला घरं विकली, ती पुढं बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी करायच्या जागेसकट. तरी कापसाच्या हंगामात त्याचा दिवाणजी तिथं आपल्याच बंड्या लावी. शेजाऱ्याच्या रांगोळीवर मात्र बैल घालायला एकही गाडीवान धजत नसे. "जागा माह्या घराची हाय," एवढंच तो दिवाणजीला म्हणे.

एका सकाळी मी आजारी आईला बंडीतून घरी आणलं, तर माझी जागा अडवलेली. शेजाऱ्याची रांगोळी नुकतीच पुरी झाली होती. त्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यावरच खेकसला, "पाहून काय राह्यला? आन बंडी इथं. माय काय सडकेवर उतरन?"