मोगऱ्याचं अत्तर

गुलमंडीवर अत्तराच्या दुकानातून मोगरा दरवळला, की मी आजही पावलं भरभर उचलते. बारावीच्या शेवटच्या सहलीला आम्ही सगळ्यांनी तोच मोगरा लावला होता आणि लीडर म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात होती. किल्ल्याच्या दाराशी वॉचमनकाकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘लई सेंट मारलाय तुम्ही. वरच्या कमानीला आग्यामोहोळ हाय, वासानं उठतंय. पोरांना वर नेऊ नका.’’ सर तिकिटं काढत होते. त्यांना सांगितलं तर सहल तिथंच संपेल, म्हणून मी गप्प बसले. कमानीखाली गेलो तेव्हा डोक्यावर लोंबणाऱ्या त्या काळ्या मोहोळावरून एक लाट सरकली, मग दुसरी, आणि घोंघावणं वाढत गेलं. घाईनं फोटो काढून आम्ही सुखरूप उतरलो. खाली आमच्याच कॉलेजच्या अकरावीची रांग उभी होती, त्याच मोगऱ्यानं घमघमलेली. त्यांच्या लीडरनं विचारलं, ‘‘ताई, वर कसंय?’’ खरं सांगितलं असतं, तर मला आधीच माहीत होतं हे सरांना कळलं असतं. ‘‘मस्त,’’ म्हणत मी शिट्टी तिच्या गळ्यात घातली. थोड्या वेळानं वरून ती वाजू लागली आणि थांबेचना. हा वास आला की मला अजून तीच ऐकू येते.