गुडघा दुखत नव्हता

मैत्रिणींनो, आज मी धडधडीत खोटं बोलले आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

गौरीच्या जेवणाला आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, शिरोळहून आल्या होत्या. दुपारी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बायकांचा झिम्मा रंगला. अक्कांनी पदर खोचला आणि माझ्यापुढं दोन्ही हात केले. "ये की गं, फुगडी घालूया."

लग्न होऊन आले तेव्हा आम्हा दोघींची फुगडी बघायला गल्ली गोळा व्हायची. पण आज समोर सुनेच्या मैत्रिणी मोबाईल धरून उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, सुटलेलं पोट, आणि फुगडी? पोरी हसतील! मी म्हटलं, "गुडघा दुखतोय, अक्का."

"दुखतोय व्हय? मग आधी सांगायचं न्हाईस?" त्यांनी खुर्ची मागवली, मला बसवलं आणि स्वतः फरशीवर बसून माझा गुडघा चोळायला लागल्या. बाकीच्या बायकांनी बोलावलं तरी उठल्या नाहीत. पासष्टीची बाई माझा धडधाकट गुडघा चोळत बसली!

हसल्या असत्या पोरी, तर हसू द्यायचं होतं की. हे आत्ता सुचतंय.

संध्याकाळी एसटीत चढताना म्हणाल्या, "फुडच्या वर्षी तुझा गुडघा बरा झाला की घालूया. तवर माझं गुडघं टिकलं पायजेत."

मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.

तुमचं काय दुखतं गं, असं न दुखता?